गाडी उचल घेत नाही: इंजिन बघायचं की गिअरबॉक्स, आणि काम बेळगावात करायचं की बाहेर?

रेस दिली की गाडी क्षणभर थबकते, मग झटका देऊन पुढे जाते. ही तक्रार घेऊन बेळगावात तीन गॅरेजं फिरलात तर तीन उत्तरं मिळतात. एक म्हणतो क्लच गेला, दुसरा म्हणतो सेन्सर असणार, तिसरा थेट गिअरबॉक्स उतरवायची भाषा करतो. तिघांच्या अंदाजात काही हजारांपासून लाखापर्यंतची तफावत. माझा दिवस स्पेअर पार्टच्या काउंटरवर जातो, त्यामुळे या अंदाजांचं पुढे काय होतं ते समोरच दिसतं. सकाळी इग्निशन कॉइल नेलेला माणूस संध्याकाळी ती परत करायला येतो आणि ‘इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जात नाही’ ही पाटी त्याला दाखवावी लागते. पार्ट चांगलाच असतो. त्या गाडीला त्याची गरज नव्हती, एवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. काम कुठे करायचं हे गॅरेज घरापासून किती लांब आहे यावर ठरवू नका, गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे यावर ठरवा. आणि इंजिनाची बाजू तपासून झाल्याशिवाय कुणालाही गिअरबॉक्सला पाना लावू देऊ नका.

आधी आरपीएमचा काटा

इंजिन आणि गिअरबॉक्स यांतला दोषी ओळखायला पहिल्या फेरीत स्कॅनर लागत नाही. शेजारी कुणाला तरी बसवा आणि मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ घ्यायला सांगा. आरपीएम आणि वेग दोन्ही दिसले पाहिजेत. मोकळ्या रस्त्यावर साधारण ४० च्या वेगाला तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये रेस पूर्ण दाबा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड घेऊन तिसऱ्यात अडकवून ठेवा. नाहीतर गाडी स्वतःच गिअर खाली उतरवते, आरपीएम उडतात आणि तुम्हाला वाटतं क्लच घसरला.

आता व्हिडिओ बघा. आरपीएम सरसर चढले आणि वेगाचा काटा मागे रेंगाळला, तर इंजिन ताकद देतंय पण ती चाकापर्यंत पोचत नाही. क्लच, गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमधला, क्लचच्या जागी तेलावर चालणारा जोड) याच बाजूचं काम. आरपीएमच चढत नाहीत, गाडी दोरीनं मागे ओढल्यासारखी दमते, तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. इंजिनाला हवा, इंधन किंवा ठिणगी यांतलं काहीतरी कमी पडतंय. आरपीएम अडखळत चढले आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. तसं असेल तर जोर देऊन गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि दुसरा मोठा खर्च उभा राहतो.

इथे दोन अपवाद. सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) गाडीत आरपीएम आधी चढणं आणि वेग मागून येणं ही त्या यंत्राची रीतच आहे. आणि छोट्या टर्बो इंजिनाला, पेट्रोल असो की डिझेल, १,५०० ते १,८०० आरपीएमच्या खाली दम नसतो. पाचव्या गिअरमध्ये ४० नं चालवून ‘पिकअप नाही’ म्हणणाऱ्याला मिस्त्री काय सांगणार? एक गिअर खाली घ्या की, एवढंच.

तक्रार कधी येते तेही टिपून ठेवा. सकाळी थंड इंजिनावर येते आणि गरम झाल्यावर जाते, की चोर्ला घाट चढून कणकुंबीला आल्यावरच सुरू होते? घाटानंतर येणारा त्रास बहुतेक वेळा ऑइलचा किंवा तापलेल्या क्लचचा असतो. गोव्याहून वर येताना गाडी थोडी मंद वाटणं मात्र दोषात धरू नका. चढ तर आहेच, शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, आणि टर्बो नसलेलं इंजिन दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं.

इंजिनाकडचे संशयित, आपल्या भागातले

गाळपाच्या हंगामात चिकोडी, अथणी, निपाणीकडच्या रस्त्यांवर ऊसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जाणारी गाडी जेवढी धूळ ओढते तेवढी शहरातली वर्षभरात ओढत नाही. सर्व्हिस बुकात एअर फिल्टरचा जो पल्ला दिलेला असतो त्याच्या निम्म्यावरच इथे फिल्टर काढून बघावा. खानापूरकडच्या लाल धुळीत तो विटेच्या रंगाचा झालेला दिसतो. हवा मारून तो वरवर साफ होतो, पण रोज काउंटरवर बसून सांगतो, नवीन टाका. सगळ्या संशयितांत हाच स्वस्त.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी बाजूला पाणी आणि ओल. कॉइलच्या रबरी टोपणात ओल शिरली की चढावर जोर देताना मिसफायर, सपाटीला गाडी ठीक. डिझेल गाडीत इंधनाच्या फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं. ते सोडायला खाली स्क्रू असतो आणि कित्येक मालकांना तो ठाऊकही नसतो. शेतातल्या घरी गाडी उभी राहत असेल तर बॉनेट उघडून वायरिंग नीट बघा. उंदरानं सेन्सरची वायर अर्धी कुरतडली तर दोष कधी येतो, कधी जातो, आणि स्कॅनर बिचारा तो सेन्सरच खराब आहे म्हणून सांगतो.

इंधनाचा संशय धरायचा तो एका साध्या कसोटीवर: त्रास टाकी भरल्यावर सुरू झाला का? कोगनोळी नाका ओलांडून ज्या बाजूला स्वस्त त्या बाजूला टाकी भरायची सवय सीमेवर सगळ्यांनाच आहे. त्यात वावगं काही नाही, पण ज्या पंपावर दिवसभर गाड्या लागतात तिथेच भरा. जमिनीखालच्या टाकीत पडून राहिलेल्या इंधनात पाणी साचायला वेळ मिळतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. ते आपल्याच कारखान्यांतून निघतं म्हणून कौतुक ठीक, पण इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि जुन्या टाकीतला गाळ सोडवून फिल्टरकडे पाठवतं. दहा-बारा वर्षांच्या गाडीत फ्युएल फिल्टर आणि पंपाचा दाब तपासून घेणं म्हणूनच रास्त. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं उतरणारच. पण गाडी झटके मारत असेल तर त्याचं खापर इथेनॉलवर फोडून गप्प बसू नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांची एक निराळीच कथा. टिळकवाडीहून कॅम्प, कॅम्पातून शहापूर, असं रोज चार-पाच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साठत जाते, कारण ती जळायला लागणारी उष्णता एवढ्याशा फेरीत तयार होत नाही. शेवटी गाडी स्वतःची ताकद तोडून घेते आणि मालक गिअरबॉक्सवर संशय घेतो. दिवा नुसताच लागलेला असेल तर राष्ट्रीय महामार्गानं संकेश्वरपर्यंत एका लयीत, आरपीएम २,००० च्या वर ठेवून जाऊन या. बहुतेक वेळा काम भागतं. दिवा लुकलुकतोय आणि ताकद आधीच तुटलीय, तर मात्र स्कॅनर लावून काजळी सक्तीनं जाळण्याशिवाय इलाज नाही. मुद्दाम सांगतो, डीपीएफ ‘पोकळ’ करून देणारे लोक भेटतील. पीयूसीपासून वॉरंटीपर्यंत पुढे सगळीकडे अडचण.

स्कॅनरबद्दल थोडं. मोबाईलला जोडायची ब्लूटूथ डबी स्वस्तात मिळते आणि इंजिनचे कोड ती वाचते: पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी. पण यातल्या बहुतेक डब्या गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाहीत. पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरनं काहीतरी नोंदवलंय, ते आत जाऊन वाचा. तिथून पुढे मोठा स्कॅनर लागतो. तो ज्याच्याकडे आहे त्याला हजार-दीड हजार द्यायला कचरू नका.

गिअरबॉक्स कोणता, त्यावर सगळं

साध्या मॅन्युअल गाडीत फार विचार करायचा नाही. क्लच घसरतोय हे काट्यानं सांगितलं, जळका वास आला, पेडल अगदी वर आल्यावरच गाडी हलते, तर सेट बदला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम. बेअरिंगचे पैसे वाचवून पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी देणारे लोक मी पाहतो. क्रँकचं मागचं ऑइल सील गळून प्लेटवर तेल आलंय का तेही तेव्हाच बघायचं, नाहीतर नवी प्लेटही घसरणार. फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर उद्यमबागेत लेथवर फेस मारून मिळतो. हा आपल्या गावाचा फायदा, तो घ्या. फक्त बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन भागांचं ‘ड्युअल मास’ फ्लायव्हील असतं, त्याला असा फेस मारून चालत नाही. ते खडखडत असेल तर बदलायचं, आणि तिथे बिल एकदम फुगतं. एवढं सोडलं तर मॅन्युअलसाठी शोरूमला जायची गरज नाही. ओळखीचा मिस्त्री बरा.

एएमटीचं प्रकरण याच्याच शेजारचं आहे, पण लोक त्याला ‘ऑटोमॅटिक’ समजून घाबरतात. २०१४ च्या सेलेरिओपासून ही पद्धत आपल्याकडे रुळली. आत तोच मॅन्युअल गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट. फक्त पाय आणि हात यांचं काम ॲक्च्युएटर करतो. गिअर बदलताना मान थोडी पुढे जाते हा दोष नाही, तिचा स्वभाव आहे. गिअर पडायच्या वेळी रेस हलकी सोडली की निम्मा झटका जातो. दोष तेव्हा म्हणायचा, जेव्हा पहिल्यात निघताना गाडी थरथरते, चढावर आरपीएम वाढूनही सरकत नाही, किंवा मधेच न्यूट्रलला जाऊन मीटरवर गिअरचा आकडा लुकलुकतो.

पहिल्या दोन लक्षणांत प्लेट संपलेली असते. काढलेली प्लेट हातात घेऊन बघा: अस्तर झिजून रिव्हेटच्या डोक्यांशी सपाट झालेलं, कडांना काळी चकाकी, प्रेशर प्लेटवर निळसर ठिपके आणि बेल हाउसिंगमधून (क्लचभोवतीच्या कवचातून) निघालेली काळी पूड बोटाला चिकटते. हे बहुतेक करून घाटातल्या रांगेत झालेलं असतं. गणपतीच्या सुट्टीत चोर्ल्याला किंवा आंबोलीला गाड्या अडकल्या की एएमटीवाला ब्रेकऐवजी रेसवर गाडी चढाला धरून ठेवतो. ॲक्च्युएटरला वाटतं मालक हाफ क्लच मागतोय, तो देत राहतो. चढावर थांबायचं तर हँडब्रेक, आणि सरकायचं तर मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर.

तिसऱ्या लक्षणात प्लेट नव्हे, ॲक्च्युएटर बघायचा. ज्या एएमटीत हायड्रॉलिक किट आहे तिथे ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर बॉनेटखालून बारीक गुणगुण ऐकू येते. पंप दाब तयार करत असतो. ती दोन-चार सेकंदांत थांबली पाहिजे. सिग्नलला उभं असताना पंप पुन्हा पुन्हा चालू होत असेल तर दाब टिकत नाही: दाब साठवणारा ॲक्युम्युलेटर थकलाय किंवा कुठेतरी गळती आहे. नुसता ॲक्युम्युलेटर बदलून भागतं तिथे पूर्ण किटचं कोटेशन हातात पडलेले लोक आमच्याकडे येतात, म्हणून हा आवाज आधी ऐका आणि मिस्त्रीलाही ऐकवा.

एएमटीत सगळ्यात जास्त फसगत होते ती काम झाल्यानंतर. नवी प्लेट घातली की ती कुठे पकडते ते स्कॅनरनं कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. हे क्लच लर्निंग केलं नाही तर नव्या प्लेटवरही गाडी जुन्या हिशोबानं झटके देते, आणि मिस्त्री म्हणतो, ‘चालव, हळूहळू बसंल.’ ती आपोआप बसत नाही. म्हणून एएमटीसाठी माझी निवड: स्थानिक गॅरेज, पण ज्याच्याकडे त्या कंपनीचं लर्निंग करणारा स्कॅनर आहे तेच. काम सुरू करायच्या आधी विचारा, लर्निंग कोण करणार? उत्तर ‘बघू की’ असं आलं तर शोरूम परवडतं.

सीव्हीटीमध्ये दोन पुली आणि पोलादी पट्टा. अमेझ, सिटी, टर्बो मॅग्नाइट, २०२२ पूर्वीची बलेनो ऑटोमॅटिक, सगळ्या याच घरातल्या. यात गिअर पडतच नाहीत, म्हणून झटकाही नसायला हवा. कमी वेगात हलक्या रेसवर थरथर, किंवा घाट चढून आल्यावर गाडीनं ताकद तोडणं, ही खरी लक्षणं. पहिला उपाय ऑइल, आणि ऑइल म्हणजे त्या कंपनीनं सांगितलेलं सीव्हीटी ऑइलच. ‘सगळ्याला चालतं’ म्हणून साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं ऑइल) भरणाऱ्या गॅरेजमधून गाडी तशीच बाहेर काढा. त्यात पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे येतात आणि मग ऑइलनं काही होत नाही. डबा समोर फोडायला सांगा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा सळईसारखे तुकडे असतील तर आतलं काम सुरू झालंय. ऑइलची पातळीही ठराविक तापमानाला मोजायची असते, डोळ्याच्या अंदाजानं नाही. त्यामुळे सीव्हीटी मी शोरूमलाच नेईन, आणि पट्टा-पुलीचं काम निघालं तर इथे उघडू देणार नाही.

टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, क्रिस्टा किंवा नवी ब्रेझा वगैरे, सगळ्यांत सहनशील. सत्तरच्या आसपास हलक्या रेसवर रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर आली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या आतल्या लॉकअप क्लचचा संशय, आणि बऱ्याचदा वेळेवर ऑइल बदललं की ती जाते. ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावर विसंबू नका. झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांत बदला म्हणते. जास्त चाललेल्या गाडीला मशीन लावून दाबानं फ्लश करण्यापेक्षा, सोडा-भरा असं थोड्या किलोमीटरच्या अंतरानं दोन-तीनदा केलेलं मला बरं वाटतं.

राहिला डीसीटी, आणि इथे खिशाला हात लावूनच वाचा. दोन क्लच असतात: एकावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. गाडी पळते तेव्हा यासारखं सुख नाही. पण यात कोरडा आणि ओला असे दोन प्रकार, आणि आपल्या रस्त्यांना हा फरक मोठा पडतो. कोरड्या क्लचला थंड करायला तेल नसतं. ऊसाच्या ट्रॉलीमागे ताशी आठ-दहाच्या वेगानं अर्धा तास रांगलात की तो तापतो, निघताना थरथरतो, दमून थबकतो, मीटरवर ताप वाढल्याची सूचना येते. गाडी बाजूला घेऊन थंड होऊ दिली की पुन्हा ठीक. असं वरचेवर व्हायला लागलं तर क्लच पॅक झिजलेलं असतं. २०२० पूर्वीची पोलो जीटी टीएसआय, व्हेन्यू टर्बोचा सात गिअरवाला डीसीटी, २०१३ ची इकोस्पोर्ट ऑटोमॅटिक हे कोरडे. अल्ट्रोज डीसीए ओला.

फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या कोरड्या डीएसजीत (त्यांच्या डीसीटीचं हे नाव) क्लचशिवाय मेकॅट्रॉनिक हा दुसरा भाग आहे. गिअर पाडणारा सगळा मेंदू आणि हायड्रॉलिक त्यातच. २०१३ मध्ये कंपनीनं जगभर गाड्या परत बोलावून या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल भरलं होतं. उष्ण-दमट हवेत आत विजेचा दोष उद्भवत होता. म्हणजे जुनी गाडी घेताना तेव्हाची नोंद मागायची. लक्षण कसं ओळखायचं? निघताना थरथर असेल तर क्लच. अचानक सम किंवा विषम गिअर सगळेच गायब, किंवा मीटरवर पाना लुकलुकतोय आणि गाडी जागची हलत नाही, तर मेकॅट्रॉनिक. हे अंदाज, शिक्कामोर्तब स्कॅनरनंच. इथे ओळखीच्या मिस्त्रीचं प्रेम कामाला येत नाही. क्लच पॅक बसवायला खास टूल लागतात, मोजमाप मिलिमीटरच्या शतांशात असतं. शोरूम, नाहीतर ज्यानं हेच काम बऱ्याच गाड्यांवर केलंय असा बाहेरचा तज्ज्ञ.

मग काम कुठे करायचं

निपाणीकराला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, त्याला बेळगाव त्याहून लांब. तो शिरोली-कोल्हापूरकडे वळला तर बरोबरच. अथणीवाल्याला मिरज-सांगली जवळ. कित्तूरच्या माणसाला हुबळी सोपी. बेळगाव शहरातल्यांना दोन्ही बाजू शंभराच्या आसपास, म्हणून खरी ओढाताण त्यांचीच. त्यांनी एक हिशोब करावा: गिअरबॉक्सचं काम एका फेरीत क्वचितच संपतं. पुन्हा ॲडजस्टमेंट, पुन्हा लर्निंग, एखादी गळती. बाहेरगावी मजुरीत वाचलेले चार-पाच हजार दुसऱ्या फेरीत डिझेलला आणि रजेला जातात. मॅन्युअल, एएमटी, टॉर्क कन्व्हर्टरसाठी बेळगाव सोडायचं कारण मला दिसत नाही. डीसीटीसाठी जा, पुण्या-बेंगळूरपर्यंतही जा.

जायचं झालं तर गाडी ओढत नेऊ नका. ऑटोमॅटिक आणि सीव्हीटी चालतं चाक जमिनीवर ठेवून टो केली तर आतला पंप फिरत नाही, ऑइल पोचत नाही आणि वाटेतच नुकसान होतं. फ्लॅटबेडच लागतो. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर त्यात किती किलोमीटर मोफत ते पॉलिसीवर लिहिलेलं असतं.

वॉरंटी चालू असेल तर बाकी सगळं वाचायची गरज नव्हती. शोरूमलाच न्या आणि एअर फिल्टरसुद्धा बाहेर बदलू नका. फक्त जॉब कार्डावर ‘पिकअप प्रॉब्लेम’ असं लिहू देऊ नका. काउंटरवरचा पोरगा कन्नड बोलणारा असो की मराठी, कार्डावर हे असं उतरलं पाहिजे: ‘वंटमुरी घाटाच्या चढाला, इंजिन गरम असताना, तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम ३,००० ला जातात, वेग ४५ लाच राहतो.’ वाक्य असं असेल तर ‘आम्हाला दोष दिसला नाही’ म्हणून गाडी धुऊन परत देणं त्यांना जड जातं. मेकॅनिकला शेजारी बसवून तोच चढ दाखवा. आणि जुन्या तक्रारींच्या नोंदी जपा. वॉरंटी संपायच्या आधी तक्रार लेखी झालेली असेल तर नंतर बोलायला जागा राहते.

वॉरंटी संपलेल्या गाडीला शोरूम आणि बाहेरचं गॅरेज यांतला खरा फरक मजुरीपेक्षा पद्धतीत आहे. शोरूम अख्खा भाग बदलतं, बाहेरचा आतला भाग दुरुस्त करतो. मेकॅट्रॉनिकचं नवं युनिट लाखाच्या घरात जातं, तेच दुरुस्त करून देणारे त्याच्या काही अंशात देतात. इथे विचारायचा प्रश्न एकच: दुरुस्तीवर किती महिन्यांची हमी, आणि लेखी का? सहा महिने लेखी देणारा तोंडी दोन वर्षं सांगणाऱ्यापेक्षा चांगला.

जुना गिअरबॉक्स आणून बसवणं हा तिसरा पर्याय, आणि तो वाटतो तितका वाईट नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आलेले बॉक्स इकडे बसतात. आरसी बुकावर इंजिन आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे इंजिन बदलल्यावर आरटीओत जी नोंद करावी लागते ती इथे नाही. पण गिअरबॉक्सवरचा कोड तुमच्या गाडीच्या कोडशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. दिसायला सारख्या दोन बॉक्सांत आतलं गुणोत्तर वेगळं असू शकतं. मॅन्युअलला हा मार्ग खुशाल घ्या. डीसीटीला घेऊ नका; ज्या गाडीतून तो निघाला तीही बहुधा याच दुखण्यानं भंगारात गेली असणार.

दुरुस्त करायची की विकायची

मॅन्युअल आणि एएमटी क्लचसाठी गाडी विकू नका. पाच आकडी खर्च, पण गाडी पुन्हा बरीच वर्षं चालते. सीव्हीटीच्या पट्ट्याचं किंवा कोरड्या डीसीटीचं कोटेशन गाडीच्या बाजारभावाच्या एक तृतीयांशाच्या वर गेलं आणि गाडी दहा वर्षांच्या पुढे असेल, तर माझा कौल विकण्याकडे. दोष सांगून विका. घेणारा स्कॅनर लावणारच. केए-२२ ची, म्हणजे बेळगाव नंबरची, गाडी कोल्हापुरात खपवायची तर एनओसी, तिकडचा कर, नवा नंबर, हे सगळं घेणाऱ्याच्या डोक्यात भावातून वजा होतं. इकडेच गिऱ्हाईक शोधलेलं बरं.

उलट बाजूनं, कमी भावात मिळतेय म्हणून डीसीटीवाली ऑटोमॅटिक इकोस्पोर्ट घ्यायला निघालेल्यांना मी थांबवतो. फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवायचं २०२१ मध्ये जाहीर केलं. त्या कोरड्या डीसीटीचा पार्ट शोधण्यातच तुमचे आठवडे जातील. तीच गाडी मॅन्युअल मिळाली तर घ्या.

काम कुठेही करा, पैसे द्यायच्या आधी जुने पार्ट मागून घ्या आणि गाडी गरम करून त्याच चढावर, तेवढीच माणसं बसवून, पुन्हा तोच व्हिडिओ काढा. हजार किलोमीटर झाले की गाडी लिफ्टवर चढवून गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्याखाली तेलाचा ओलावा आहे का बघायला सांगा. त्याचे पैसे कुठलाही शहाणा मिस्त्री घेत नाही.